जिन्यातला उसना उजेड

आमच्या जिन्याला खिडकी नाही. पाच मजले, ८४ पायऱ्या, आणि वीज गेली की भर दुपारी बारा वाजतासुद्धा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. बॅटरीवरचे आपत्कालीन दिवे दोनच मजल्यांवर, त्यातला एक कायमचा झोपलेला. ९ जानेवारीच्या संध्याकाळी वीज गेली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या मावशी उतरत होत्या. पायऱ्या संपल्या असं त्यांना वाटलं, पण एक बाकी होती. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्यांना भेटायला गेले तेव्हा मी सहज बोलून गेले, "पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी मारली तर?" तिथं कमिटीचे सेक्रेटरी काका बसले होते. "छान कल्पना. मग तुम्हीच बघा ते," असं म्हणून त्यांनी डायरीत माझं नाव लिहूनही टाकलं. मी रसायनशास्त्रातली नाही, रंगकामातलीही नाही. त्यामुळे पुढचे साडेतीन महिने कसे गेले ते चुकांसकट उतरवून ठेवतेय.

पहिली चूक शब्दातच झाली. मराठीत आपण सगळ्यालाच 'रेडियम' म्हणतो. गाडीच्या मागची पट्टी रेडियम, नंबरप्लेटवरची अक्षरं रेडियम, मुलांच्या खोलीतल्या छतावरच्या चांदण्याही रेडियम. मी रेडियमची पट्टी मागितली, मिळाली, घरी येऊन दिवा मालवला. काही नाही. टॉर्च मारला की मात्र डोळे दिपतील अशी झगमग. ही पट्टी उजेड परावर्तित करते, आला त्याच दिशेला परत पाठवते. आत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात. स्वतःचा उजेड शून्य. मग कुणीतरी भडक नारिंगी 'निऑन' रंग सुचवला. तो फ्लोरोसंट. अतिनील किंवा निळा उजेड घेऊन तो लगेच नारिंगी करून सोडतो, म्हणून दिवसा इतका ठसठशीत दिसतो. पण लगेच म्हणजे अक्षरशः लगेच. दिवा गेला की त्याच क्षणी तोही गेला. हायलायटर पेनची शाई, धुण्याच्या पावडरीतली 'सफेदी' आणि नोटांमधले अतिनील दिव्याखाली चमकणारे धागे ही सगळी याच जातीची.

आम्हाला हवा होता तिसरा प्रकार, उजेड पिऊन ठेवणारा आणि सावकाश परत देणारा. हे कळेपर्यंत २१ जानेवारी उजाडली आणि दोन खरेद्या वाया गेल्या होत्या. घेण्याआधी एवढंच करा: वस्तू दिव्याखाली मिनिटभर धरा, मग मुठीत झाकून अंगठ्याच्या फटीतून आत डोकवा. हिरवट उजेड दिसला तरच पुढचं बोलणं.

या तिसऱ्या प्रकारातही दोन कुळं निघाली. जुनं म्हणजे तांब्याचा अंश असलेलं झिंक सल्फाइड. छतावरच्या जुन्या चांदण्या बहुतेक याच्याच. स्वस्त असतं, पण अर्ध्या-पाऊण तासात मान टाकतं, शिवाय ओलावा आणि ऊन यांनी काळवंडतं. नवं कुळ स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचं. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या दुर्मिळ मृदा धातूंचे अंश घालतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या नेमोटो कंपनीत ते तयार झालं आणि घड्याळाच्या काट्यांपासून विमानातल्या जमिनीवरच्या पट्ट्यांपर्यंत पसरलं. जुन्याच्या सुमारे दहापट तेज आणि रात्रभर टिकणारा उजेड. किंमतही तशीच, साध्या रंगाशी तुलनाच करू नये अशी. मी नमुन्यादाखल १०० ग्रॅम पावडर मागवली.

पावडर आली त्या रात्रीची एक गंमत. थोडी पावडर गोंदात कालवून एका पुठ्ठ्यावर लावली होती. रात्री दीडच्या सुमारास जाग आली तेव्हा तो पुठ्ठा विझत आला होता. कुठंतरी वाचलं होतं म्हणून गरम पाण्याचा ग्लास त्यावर ठेवला आणि अर्ध्या मिनिटानं उचलला. पुठ्ठ्यावर ग्लासाच्या बुडाएवढं गोल लख्ख पेटलेलं! बाकीचा पुठ्ठा मलूल आणि मधोमध हिरवा चंद्र. पण पाच-सात मिनिटांनी पाहिलं तर तेच गोल आता भोवतालच्या भागापेक्षा काळं पडलं होतं. मला सगळा कारभार तिथं कळला. पिऊन घेतलेली ऊर्जा स्फटिकातल्या खोबणींमध्ये अडकून पडते आणि खोलीतल्या साध्या उबेनं थोडी थोडी सुटत राहते. जास्त ऊब दिली की ती एकदम सुटते आणि साठा लवकर संपतो. नवीन काही तयार होत नाही. जितकं आत गेलं तितकंच बाहेर येणार. हे वाक्य मला तेव्हा पाठ होतं, तरी दोन महिन्यांनी मी ते विसरले. ते पुढे येईल.

रंग कुठला, यावर घरात मतदान झालं. मुलांना जांभळा हवा होता. पण अंधाराला सरावलेला डोळा सर्वांत तिखट असतो तो ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा हिरवा ५२० च्या आसपास येतो. जांभळा आणि लाल विक्रेत्यांच्या फोटोत सुंदर दिसतात, प्रत्यक्षात खूप लवकर मावळतात. त्या फोटोंवर एरवीही विसंबू नका. कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवली की काजवासुद्धा ट्यूबलाइट वाटतो. आमचा हिरवाच ठरला.

२ फेब्रुवारीला कमिटीची बैठक. माझी तयारी तांत्रिक होती, प्रश्न वेगळेच आले. पहिला: "रेडियम म्हणजे किरणोत्सर्गी ना?" दुसरा: "आणि स्ट्रॉन्शियम तर अणुबॉम्बमधलं!" हसण्यासारखं वाटतं, पण प्रश्न बिनबुडाचे नव्हते. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या तबकड्यांना खरोखरच रेडियमचा रंग लावत. रेडियमचे किरण झिंक सल्फाइडला सतत चेतवत राहायचे, त्यामुळे त्याला उजेड पाजावा लागत नसे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे काम करणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. जबड्याची हाडं सडून त्यातल्या कितीतरी जणी गेल्या. पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीनं मिटला. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, त्यामुळे त्या तबकड्या आज चमकत नसल्या तरी किरणोत्सर्ग चालूच आहे. दमलंय ते झिंक सल्फाइड. आजोबांचं जुनं चमकणारं घड्याळ कुणाकडे असेल तर ते हौसेनं उघडून खरवडू नये. आमच्या पावडरीत यातलं काही नाही. निसर्गात सापडणारं स्ट्रॉन्शियम स्थिर असतं. अणुस्फोटातून पडतं ते स्ट्रॉन्शियम-९०, ते निराळं. हे सगळं एका पानावर लिहून दिलं आणि त्याला पुरवठादाराची सुरक्षा माहितीपत्रिका जोडली. तिच्यातही मुख्य इशारा धुळीचाच आहे: पावडर श्वासात जाऊ देऊ नका, कालवताना मास्क लावा.

खजिनदारांना हवे होते आकडे. एक मीटर लांबीच्या ८४ पायऱ्या, पट्टी ५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ४.२ चौरस मीटर. चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम पावडर धरली, वर थोडी सांडलवंड. एक किलो. दोन दरपत्रकं दिली होती, नियमाप्रमाणे तिसरं हवं म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला. चाचणी अहवालही मागितला, आणि ते बरंच झालं. या अहवालात उजेड बंद केल्यावर १० व्या आणि ६० व्या मिनिटाला पृष्ठभाग किती तेजस्वी आहे ते मिलिकँडेला प्रति चौरस मीटर या तेजाच्या एककात लिहिलेलं असतं. डीआयएन ६७५१० या जर्मन मानकाप्रमाणे मोजतात. नुसतं '१२ तास चमकते' असं लिहिणाऱ्या दोन विक्रेत्यांकडे असा कागदच नव्हता. ते आपोआप गळले.

मधल्या काळात अग्निसुरक्षेच्या अधिकाऱ्यांना विचारून आले. चार तास बाकावर बसले, भेट दहा मिनिटांची. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. ही पट्टी आपत्कालीन दिव्यांना पर्याय नाही, जोड आहे. आधी झोपलेला दिवा दुरुस्त करा. आणि बाहेर पडण्याच्या मार्गाच्या पाट्या घरी रंगवू नका, त्या प्रमाणित तयारच घ्या. त्यांनी पट्टीला विरोध मात्र केला नाही. धूर वर साचतो, वरचे दिवे झाकले जातात, अशा वेळी जमिनीलगतची खूण कामी येते, हे त्यांनीच समजावलं. प्रवासी जहाजांमध्ये अशा जमिनीलगतच्या मार्गदर्शक पट्ट्या फार पूर्वीपासून असतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या स्फोटानंतर जिन्यांत अशा खुणा केल्या होत्या आणि २००१ मध्ये उतरणाऱ्या लोकांना त्यांचा उपयोग झाला. २००४ मध्ये त्या शहरानं ७५ फुटांहून उंच ऑफिस इमारतींना त्या सक्तीच्या केल्या. हा परिच्छेद जसाच्या तसा पत्रात घातला. २१ फेब्रुवारीला कमिटीची मंजुरी आली, अर्ज दिल्यापासून १९ दिवसांनी.

आता खरी फजिती. जिन्यात उग्र वास नको म्हणून मी पाण्यात मिसळणारा पारदर्शक रंग आणला आणि नमुन्याच्या उरलेल्या पावडरीचा मोठा भाग त्यात कालवला. संध्याकाळी मिश्रण छान दिसत होतं. झाकण लावून झोपले. सकाळी बरणी उलटी केली तरी थेंब पडेना. आत चमचा उभाच्या उभा रुतलेला, चुना घट्ट व्हावा तसा मिश्रणाचा खडा झालेला. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट पाण्याशी अभिक्रिया करतं, विघटतं, अल्कधर्मी होतं आणि घट्ट होतं. पाण्याच्या रंगासाठी कणांवर संरक्षक कवच चढवलेली वेगळी पावडर मिळते. मागवताना एक वाक्य विचारलं असतं तर ती बरणी वाचली असती.

त्याच चमच्यानं दुसरा धडाही दिला. बाहेर काढला तेव्हा त्याच्याभोवतीचं मिश्रण करड्या रंगाचं झालं होतं. हे कण काचेसारखे कठीण असतात, पोलाद खरवडतात आणि तो कीस रंगात उतरतो. तेव्हापासून फक्त लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी. पावडर खलबत्त्यात बारीक करण्याचा मोहही टाळा. कण फुटला की तेज उतरतं. माझ्याकडच्या दोन नमुन्यांत टाल्कमसारखी मऊ होती ती मंद निघाली आणि बारीक वाळूसारखी होती ती प्रखर. फक्त वाळूसारखी लवकर तळाशी बसते. त्याचा फटका पुढे बसलाच.

शेवटी दोन भागांचं पारदर्शक पॉलियुरेथेन घेतलं, म्हणजे एक रेझिन आणि एक ते घट्ट करणारं हार्डनर. ६० भाग रेझिन, ४० भाग पावडर, वजनानं. वास होता, म्हणून वरचं आणि खालचं दार उघडं ठेवून पंखे लावले आणि त्या रात्री जिन्यात काडी ओढायची नाही अशी चिठ्ठी चिकटवली. हार्डनर मिसळल्यावर हातात वेळ थोडा असतो, म्हणून एका वेळी पाच-सहा पायऱ्यांपुरतंच कालवायचं.

त्याआधी कडा घासून, पुसून, पांढऱ्या रंगाचे दोन हात. हा पांढरा थर वाचवायचा विचार करू नका. मी एका फरशीच्या तुकड्यावर अर्ध्या भागाला पांढरा हात दिला आणि अर्धी तशीच करडी ठेवली, मग दोन्हीवर तोच रंग सारखाच लावला. अंधारात करडी बाजू निम्म्यानंही उजळली नाही. खालचा गडद पृष्ठभाग उजेड गिळून टाकतो. दुसऱ्या फरशीवर वरच्या लेपाची परीक्षा घेतली: 'उन्हापासून संरक्षण' देणारं वॉर्निश लावलेली बाजू फिकी पडली, कारण जो अतिनील उजेड पावडरीला हवा तोच ते अडवतं. साधं वॉर्निश घेतलं आणि पाय घसरू नये म्हणून त्यात काचेचे बारीक मणी भुरभुरले.

जिना बंद ठेवता येत नाही, हा सगळ्यात मोठा पेच. एकाआड एक पायरी रंगवावी असं तरुण मंडळींनी सुचवलं. मावशींनी प्लास्टरमधून सुटलेला हात वर करून विचारलं, "आणि मी उड्या मारू?" मग ठरलं, आज सगळ्या पायऱ्यांची डावी बाजू, ती सुकली की उजवी. ओल्या कडेला सुक्याची बाजू नीट जुळत नाही, म्हणून मध्ये बोटभर फट सोडली. १४ ते २४ मार्च, रोज रात्री दहा ते एक. तीन हात. मी, सेक्रेटरी काका आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोन कॉलेजकुमार.

पहिला मजला झाल्यावर दिवा बंद करून पाहिलं तर खालच्या पाच पायऱ्या मंद आणि पुढच्या पाच झगझगीत. डब्याच्या वरचं पातळ रेझिन आधी वापरलं गेलं आणि तळाची पावडर शेवटच्या पायऱ्यांना मिळाली. त्या पाच पायऱ्यांना आणखी एक हात द्यावा लागला. नंतर दर तिसऱ्या मिनिटाला ढवळायचं काम एका मुलाकडे दिलं. त्यानं फोनवर गजर लावला होता.

खर्चाचं प्रमाण सांगते. निम्म्याहून अधिक पैसे पावडरीत गेले, पाचवा हिस्सा रेझिन आणि वॉर्निशमध्ये, उरलेले पांढरा रंग, टेप, मास्क, हातमोजे यांत. माझ्या चुकांचे पैसे कमिटीकडे मागितले नाहीत.

३० मार्चला रात्री अकरा वाजता मेन स्विच पाडून परीक्षा. वीसेक माणसं जिन्यात उभी. स्विच पडला आणि काहीतरी फिकट हिरवं, धुरकट दिसलं. पाच मिनिटांत तेही गेलं. कुणी काही बोललं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

रात्रभर डोकं खाजवलं. रंग तर घरातल्या फरशीवर सकाळपर्यंत दिसत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात बसून राहिले आणि दहा मिनिटांत उत्तर समोर आलं: दिवाच विझला. वीज वाचवण्यासाठी आम्ही आदल्या वर्षी माणूस आला तरच लागणारे दिवे बसवले होते. दोन मिनिटं लागतात आणि बंद होतात. त्यात तेही पिवळसर प्रकाशाचे, म्हणजे निळा अंश कमी. पावडरीला पाजायला उजेडच नव्हता, मग ती परत काय देणार? फोनच्या ॲपवर मोजलं तर पायरीवर जेमतेम ८ लक्स उजेड. गरम पाण्याच्या ग्लासानं रात्री दीड वाजता शिकवलेलं मी साफ विसरले होते.

पुन्हा कमिटी. दहा ठिकाणी ५ वॅटचे पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी, चोवीस तास चालू: दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. "वीज वाचवायला सेन्सर लावले आणि आता काढायचे?" हा खजिनदारांचा प्रश्न रास्त होता. दोन बैठका, एक लेखी आक्षेप, एक लेखी उत्तर. शेवटी मावशी बैठकीला स्वतः आल्या आणि काही न बोलता पहिल्या रांगेत बसल्या. १५ एप्रिलला दिवे बदलले.

२० एप्रिलला पुन्हा स्विच पाडला. या वेळी मोजकेच लोक आले. पहिल्या क्षणी प्रत्येक पायरी हिरव्या शाईनं अधोरेखित केल्यासारखी दिसली. तेज सुरुवातीला भराभर उतरतं. दहाव्या मिनिटाला जेवढं असेल त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर तासाभरात येतं. पण तोवर आपले डोळेही अंधाराला सरावतात, त्यांना पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून घसरण तेवढी जाणवत नाही. मी वरच्या मजल्यावर चटई टाकून बसले. पहाटे चारला कडा अजून दिसत होत्या. थेट बघितलं तर अंधुक, किंचित बाजूला नजर ठेवली तर स्पष्ट.

पट्ट्यांवर धूळ बसली की तेज कमी होतं, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसतो. वर्षातून एकदा फरशीच्या नमुन्याशी ताडून पाहायचं असं रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय.

६ मे रोजी खरीच वीज गेली, रात्री नऊच्या सुमारास. मी दार उघडून बाहेर आले तर मावशी वरून उतरत होत्या, एका हातानं कठडा धरून, बेतानं. दोन्ही बाजूंच्या हिरव्या रेघांच्या मधोमध आम्ही सोडलेली ती बोटभर फट पायरीगणिक एकाखाली एक येत होती आणि वरपासून खालपर्यंत काळी सरळ वाट तयार झाली होती. मला ती फट रंगकामातला दोष वाटायची, सुट्टीच्या दिवशी बुजवायची म्हणून थोडी पावडर बाजूलाही ठेवली होती. मावशी तिच्यावरूनच पाऊल टाकत आल्या. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी पायानं पुढची जमीन चाचपली आणि म्हणाल्या, "ही मधली रेघ कुणी काढली गं? राहू दे तशीच."